बाळंतपण कुठे, हे कोण ठरवणार?

इंग्लंडमध्ये दिवस राहिले की बाईची गाठ आधी मिडवाइफशी, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत सेविकेशी, पडते. दहाव्या आठवड्याच्या आसपास नोंदणीची मोठी भेट होते. रक्तदाब, रक्त-लघवीच्या तपासण्या, आधीच्या बाळंतपणांची बारीकसारीक माहिती, घरात कोण कोण असतं याची चौकशी, असं सगळं होतं आणि कधी ना कधी एक प्रश्न येतो: बाळंतपण कुठे करायचं आहे? पर्याय चार असतात. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर असलेला रुग्णालयातला विभाग, त्याच्या शेजारीच मिडवाइफ चालवतात ते केंद्र, रुग्णालयापासून दूर असलेलं तसंच केंद्र, किंवा मग राहतं घर.

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्या-नाशकाहून निघालेल्या आईला हा चौथा पर्याय फोनवर कळतो, तेव्हा तिचं धाबं दणाणतं. एवढ्या पुढारलेल्या देशात जाऊन पोरगी घरात बाळंत होणार? आईची काळजी अनाठायी नाही. अडलेल्या बाईची, वार न पडल्यामुळे गेलेल्या मावशीची, बाळंतपणातच आटोपलेल्या थोरल्या काकूची गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही सांगितली जाते. पण लेक ज्या घरच्या बाळंतपणाबद्दल बोलत असते ते वेगळं असतं. हा फरक समजला तर निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी कशासाठी जपून ठेवायची तेही कळतं.

युरोपात हा विषय थेट मानवी हक्कांच्या न्यायालयापर्यंत गेलेला आहे. हंगेरीत अन्ना टर्नोव्स्की या गरोदर बाईला घरी बाळंत व्हायचं होतं. कायद्याने तिला मनाई नव्हती, पण तिला मदत करणाऱ्या मिडवाइफवर किंवा डॉक्टरवर कारवाई होऊ शकत होती. त्यामुळे मदतीला येणार कोण? १४ डिसेंबर २०१० रोजी स्ट्रासबर्गच्या या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मूल जन्माला घालायचं की नाही याबरोबर ते कोणत्या परिस्थितीत घालायचं, हाही बाईच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. त्याच सुमारास बुडापेस्टमध्ये आग्नेश गेरेब या प्रसूतितज्ज्ञ आणि मिडवाइफ असलेल्या बाई घरच्या बाळंतपणांवरून अटकेत होत्या. पुढे त्यांना शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती माफ केली. मधल्या काळात, २०११ मध्ये, हंगेरीने घरच्या बाळंतपणाचे नियम केले.

याच न्यायालयाने २०१६ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या दोघींच्या अर्जावर मात्र उलट कौल दिला. घरी मिडवाइफ मिळण्याची सोय न करणं हा हक्कभंग नाही, असं बहुमताने ठरलं. म्हणजे इतकी वर्षं वाद होऊनही हा हक्क सगळीकडे सारखा मिळालेला नाही. पण टर्नोव्स्की खटल्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. ‘घरी बाळंत हो, आम्ही अडवत नाही’ एवढं म्हणून हक्क मिळत नाही. मदतीला शिकलेलं माणूस येऊ शकत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

आता सुरक्षिततेचं पाहू, कारण घरच्यांना झोप लागत नाही ती त्यापायीच. यावरचा एक मोठा आणि काटेकोर अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४,५३८ बायकांची बाळंतपणं तपासली होती आणि त्या सगळ्या कमी जोखमीच्या होत्या. आधी एक तरी बाळंतपण झालेल्या बायकांच्या बाबतीत घर आणि रुग्णालय यांत बाळाच्या धोक्याचा लक्षणीय फरक आढळला नाही. उलट घर निवडलेल्यांमध्ये सिझेरियन, चिमटा लावणं, टाके घालणं हे सगळं बरंच कमी होतं. पहिलटकरणींचं चित्र वेगळं निघालं. रुग्णालय निवडलेल्यांमध्ये हजारी ५.३ बाळांना गंभीर त्रास झाला, घर निवडलेल्यांमध्ये हजारी ९.३. या आकड्यात मृत्यूंबरोबर श्वास कोंडल्याने मेंदूला झालेली इजा, पोटातली शी छातीत गेल्याने झालेला आजार, खांद्याच्या नसांना झालेली दुखापत हेही धरलेलं आहे. दोन्हीकडे धोका थोडाच आहे, पण घरी तो जास्त आहे. हे लपवून ठेवून कोणी बाईला ‘निवड’ करायला सांगत असेल, तर तो तिचा मान ठेवत नाही.

या आकड्यांचा अर्थ इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या शब्दांत उतरवला: कमी जोखमीच्या, आधी बाळंत झालेल्या बाईला घर किंवा मिडवाइफचं केंद्र चांगलं, पहिलटकरणीला मिडवाइफचं केंद्र चांगलं, आणि घर हवं असेल तर बाळाचा थोडा वाढीव धोका तिला आधी समजावून सांगायचा. निर्णय शेवटी तिचाच. हा सल्ला आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांना धक्कादायक वाटेल. पण वैद्यकाने एवढं प्रामाणिक व्हायलाच हवं. आकडे समोर ठेवावेत, आपलं मत सांगावं आणि मग बाईला ठरवू द्यावं.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा होणाऱ्या आजीने लक्षात ठेवावा. घरी बाळंत व्हायला निघालेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना कळांच्या दरम्यान किंवा बाळ झाल्यावर लगेच रुग्णालयात हलवावं लागलं. आधी बाळंत झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. यातली बहुतेक हलवाहलव जिवावर बेतलं म्हणून झालेली नसते. कळा मंदावतात, गर्भाशयाचं तोंड उघडायला वेळ लागतो, बाई थकते, पाठीतलं भुलीचं इंजेक्शन हवंसं वाटतं. मिडवाइफने वेळेत ‘चला’ म्हणणं हा तिचा पराभव नाही, हेच तिचं काम आहे. म्हणून घरच्यांनी रुग्णालयाची पिशवी भरून दाराशी ठेवावी, ती उघडायची वेळ आली नाही तर उत्तमच.

ही मिडवाइफ येते तेव्हा तिच्या सामानात काय असतं? बाळाचे ठोके ऐकायचं हातातलं यंत्र. रक्तदाब मोजायचं साधन. कळा सुसह्य करणाऱ्या वायूचा सिलिंडर, ज्याला तिथे सगळे ‘गॅस अँड एअर’ म्हणतात. बाळ झाल्यावर रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन. बाळाने पहिला श्वास घेतला नाही तर तोंडावर धरून फुप्फुसात हवा भरायची पिशवी आणि मास्क. कळांच्या सुरुवातीला ती एकटी असते, पण बाळ यायच्या सुमारास शक्यतो दुसरीही हजर होते, एक आईकडे पाहायला आणि एक बाळाकडे. दर दहा बाळांतल्या एखाद्याला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते आणि त्या वेळी हाताशी मिनिटंही नसतात. बाळाचं अंग पुसणं, पाठ चोळणं, मान योग्य ठेवणं, एवढं करूनही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच मास्क लावावा लागतो. हा हात सरावाने बसतो आणि त्याची परीक्षा दिलेली असावी लागते. इंग्लंडात मिडवाइफचा कायदा १९०२ मध्ये आला. नोंदणीकृत मिडवाइफ किंवा डॉक्टर यांच्याखेरीज कोणी ठरवून बाळंतपण करणं तिथे गुन्हा आहे.

नेदरलँड्समध्ये तर ही रीत कधी तुटलीच नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथली निम्म्याहून अधिक मुलं घरी जन्मत होती. आज प्रमाण बरंच घटलं असलं तरी श्रीमंत देशांत ते अजूनही वरचढ आहे. आम्स्टलवेनमध्ये राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, त्यांतल्या मराठी कुटुंबांनाही, याची पहिली ओळख होते ती पलंगाखाली लावायच्या ठोकळ्यांमुळे. पलंग जमिनीपासून पाऊण मीटरभर उंच करून घ्यावा लागतो, कारण बाळंतिणीची आणि बाळाची देखभाल करायला येणाऱ्या बाईची कंबर मोडू नये. बाळाच्या पाळण्यासाठी धातूच्या गरम पाण्याच्या बाटल्या आणून ठेवायच्या असतात. बाळंतपण रुग्णालयात झालं तरी पहिले आठ-दहा दिवस प्रशिक्षित मदतनीस घरी येते, बाळाचं वजन-ताप पाहते, पाजायला शिकवते, टाके तपासते, घरातलं थोडं आवरतेही. मराठी आजीला हे सगळं मनापासून पटतं. फक्त पलंगाखाली शेगडी ठेवायला तिथे कोणी देणार नाही, आणि इथेही कोणी ठेवू नये. कोळशाचा धूर बंद खोलीत आई-बाळाचा जीव घेऊ शकतो.

हे वाचून महाराष्ट्रातल्या एखाद्या तरुणीला वाटेल, मग आपणही घरीच का नको? तिने थोडं थांबावं.

२०१८ च्या जुलैत तमिळनाडूत तिरुपूरला एका जोडप्याने यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून, शिकलेलं कोणीही जवळ नसताना घरी बाळंतपण केलं. बाळ वाचलं. आई अतिरक्तस्रावाने गेली. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळलं गेलं नाही तर नळ सोडल्यासारखं रक्त जातं, आणि तासा-दोन तासांत धडधाकट बाईही दगावू शकते. इंजेक्शन हाताशी हवं, सलाइन लावता यायला हवं, रक्तपेढी असलेलं रुग्णालय जवळ हवं. ‘नैसर्गिक बाळंतपण’ या नावाखाली समाजमाध्यमांवर जे काही विकलं जातं, त्यात या गोष्टींचा उल्लेखही नसतो. ते मिडवाइफच्या मदतीने घरी बाळंत होणं नव्हे, तो आई-बाळाच्या जिवाशी खेळ आहे.

आपल्याकडे घराकडून दवाखान्याकडे जाण्याला फार मोठा अर्थ आहे. २००५-०६ मध्ये भारतात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ च्या घरात गेली आणि महाराष्ट्रात ९४.७ वर. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हे यश आशाताईंनी, नर्सबाईंनी, रात्री-अपरात्री धावणाऱ्या रुग्णवाहिकांनी मिळवलेलं आहे. ते गमवायचं नाही. शिवाय देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या रक्तस्रावातून सुदृढ बाई सावरते, त्यात अशी बाई सावरत नाही. आणि घरी येणारी, नोंदणीकृत, रुग्णालयाशी जोडलेली मिडवाइफ ही व्यवस्था आपल्याकडे उभी नाही. अनुभवी दाईचे हात कितीही हलके असले तरी रक्तस्राव थांबवायची औषधं आणि रुग्णालयाची साथ तिच्या पाठीशी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरी जन्मलेल्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. शिकवलेलं आणि साधनं दिलेलं माणूस घरापर्यंत पोहोचलं तर किती फरक पडतो, हे तिथे सिद्ध झालं.

दवाखान्यात पोहोचलेल्या बाईचं पुढे काय होतं, हा आता खरा प्रश्न आहे. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत खासगी रुग्णालयांत देशभरात शंभरातल्या ४७ बायकांचं सिझर झालेलं दिसलं. सरकारी लेबर रूममध्ये एका खोलीत चौघी-पाचजणी, पडदा नाही, ओरडली तर वरून बोलणी. नवरा बाहेर, आई बाहेर. बाई घराची ओढ धरते ती बहुतेक वेळा यामुळेच, आणि ही ओढ अगदी रास्त आहे.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचक भगिनींनी घरच्या बाळंतपणातलं जे चांगलं आहे ते दवाखान्यात मागून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: कळांच्या काळात आपल्या पसंतीचं माणूस सोबत असणं, हिंडता-फिरता येणं, पाणी पिता येणं, उकिडवं, गुडघ्यावर किंवा कुशीवर, जशी सोय वाटेल तशा स्थितीत बाळंत होणं. खालचा छेद सरसकट न घेणं. बाळाची नाळ निदान मिनिटभर न कापणं. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कळांनी घाई केली नाही म्हणून बाईला ‘प्रगती नाही’ असं न म्हणणं. सरकारी रुग्णालयांत सोबतीला बाईमाणूस ठेवायला केंद्र सरकारची परवानगी आहे, हे तिथल्या नर्सबाईंना सांगायला कचरू नये.

सातव्या महिन्यात डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत: कळांच्या वेळी माझ्यासोबत कोण राहू शकेल? तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये सिझरचं प्रमाण किती? रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून येतं? ज्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडून दुसरीकडे जायला अजून वेळ असतो. मिडवाइफच्या सेवेसाठी केंद्राने २०१८ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यांत परिचारिकांना अठरा महिन्यांचं खास शिक्षण देऊन रुग्णालयातच मिडवाइफनी चालवायची केंद्रं सुरू करायची योजना आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात ती आहेत का, नसतील तर कधी होणार, हे आमदाराला विचारायलाही हरकत नाही.

परदेशातल्या लेकींसाठी यादी वेगळी. आधी सिझर झालं असेल, जुळं असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, मागच्या वेळी खूप रक्त गेलं असेल, वार अडकली असेल, सदतीस आठवडे भरायच्या आत कळा सुरू झाल्या असतील, तर घराचा हट्ट धरू नये. यातलं काहीच नसेल आणि हे दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, तर मिडवाइफला विचारावं: रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर आहे, दुसरी मिडवाइफ नक्की येणार का, त्या रात्री माणसं कमी पडली तर काय करायचं? तिथेही कर्मचाऱ्यांच्या टंचाईमुळे घरची सेवा अधूनमधून बंद ठेवली जाते. आणि आईने, म्हणजे होणाऱ्या आजीने, इथून डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर जरूर न्यावेत, पण मिडवाइफ ‘आता रुग्णालयात जायचं’ म्हणाली की लाडवांसकट निघायची तयारी ठेवावी.