लास्ट माउंटन लेकला जाशील तेव्हा

हे बघ, जुलैत लेकरांना वाळूत खेळवायचं असेल तर तळ्याकाठच्या रोवन्स रॅव्हिनला खुशाल जा. पक्षी बघायचे असतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध धर आणि तळ्याचं उत्तर टोक गाठ. तळं नव्वद किलोमीटरच्या वर लांब आहे. कॅनडातल्या रिजायनाहून निघून पहिला किनारा दिसला की थांबणारे हात हलवत परत येतात. पाणी उथळ ते वरच्या अंगाला, आणि तिथला भाग 1887 पासून पक्ष्यांसाठी राखलेला. सगळ्या उत्तर अमेरिकेत असा तो पहिलाच. तंबू गोव्हनजवळच्या रीजनल पार्कात टाक. मात्र आधी फोन करून विचार, थंडीच्या तोंडावर नळाचं पाणी बंद करतात.

आता खरी गोष्ट ऐक. पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही, त्यांच्या वाटेवर आधी जाऊन बसायचं. सँडहिल क्रेन, आपल्या गोंदियाच्या सारसांचे भाऊबंद, रात्रभर उथळ पाण्यात उभे असतात. उजाडलं की थव्याथव्यानं कापणी झालेल्या शेतात सांडलेलं धान्य टिपायला जातात, संध्याकाळी परत पाण्यावर. म्हणून सूर्योदयाआधी रस्त्याच्या कडेला गाडी लाव, इंजिन बंद कर, काच खाली घे आणि आतच बस. गाडीला ते फारसे बिचकत नाहीत. तू दार उघडून उतरलास की शेत रिकामं. थर्मासात चहा आदल्या रात्रीच भरून ठेव.

शेतात मात्र पाय टाकू नकोस. 2022 पासून मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणं इथे कायद्यानंच बंद आहे. शिवाय त्या दिवसांत अभयारण्याबाहेर शिकारी असतात, क्रेनचीसुद्धा शिकार चालते. मला ते पटत नाही, पण तू भडक नारिंगी जाकीट घाल.

थव्यात एखादा पांढराशुभ्र दिसला तर लगेच ‘हूपिंग क्रेन!’ म्हणून ओरडू नकोस. इथे पांढऱ्या अंगाचे आणि काळ्या पंखटोकांचे तिघे आहेत. पेलिकन उडताना मान मागे घेतो. स्नो गूज आखूड, त्याचे पाय शेपटीमागे दिसत नाहीत. मान पुढे ताणलेली, पाय मागे लांब काढलेले, तोच हूपिंग क्रेन. 1941 च्या सुमारास जेमतेम वीसएक उरले होते. आज टेक्सासला जाणारा त्यांचा रानातला थवा पाचशेच्या वर गेलाय. दिसला तर लांबूनच बघ, फोटोसाठी पुढे सरकू नकोस.

राहता राहिला तंबू. वारा अडवायला तिथे डोंगर नाही की दाट झाडी नाही, तेव्हा दार वाऱ्याकडे नको आणि लांब खुंट्या ने. रात्री पारा शून्याजवळ जातो, रजई जाड घे. मे-जूनमध्ये गवतातून चाललास तर पँट मोज्यात खोच आणि रात्री केसांत, काखेत गोचीड बघ. एल्मचं लाकूड घरून नेऊ नकोस. झाडांच्या रोगापायी त्याला बंदी आहे.

आणि पाऊस पडला तर कच्च्या रस्त्याला लागू नकोस. तिथली चिकणमाती आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीसारखीच, चाकाला धरली की सोडत नाही. उन्हानं रस्ता वाळेपर्यंत तंबूतच पोहे कर.