थकलेले कोवळे मन आणि संवादोपचार

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या गावात सुगीच्या दिवसांत शाळकरी मुलेही घरच्या शेतीला हातभार लावतात. तो शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. मात्र झोपूनही ज्याला अंथरूण सोडवत नाही, आवडता खेळही नकोसा होतो, त्या मुलाला आळशी ठरविणे अन्यायाचे आहे. उदासी, कशातही गोडी न वाटणे आणि सततचा थकवा ही नैराश्याची प्रमुख लक्षणे होत. ती दोन आठवडे टिकल्यास वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.

प्रथम रक्त तपासावे, कारण रक्तक्षयानेही थकवा येतो. नैराश्याचे निदान झाल्यास संवादोपचार उपयुक्त ठरतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत ‘माझ्याने काहीच होणार नाही’ यासारखे विचार समुपदेशकासमवेत पारखले जातात. हुरूप येण्याची वाट न पाहता देवळापर्यंत चालणे, एक पान वाचणे अशी छोटी कामे ठरविली जातात. कृतीमागून उत्साह हळूहळू येतो. थकलेल्या मुलासाठी बैठक आटोपशीर असावी आणि ठरलेले वहीत टिपून द्यावे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. मुलाच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा येताच त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पालकांनी उपदेशापूर्वी ऐकून घेणे, हीच या उपचाराची पहिली पायरी आहे.