बाळ येण्याआधी

शास्त्रपाठ : शास्ते 13:2-14

मानोहाच्या पत्नीचे नाव पवित्र शास्त्रात दिलेले नाही. पण देवदूत प्रथम तिच्याकडेच आला. पुत्र होईल हे सांगतानाच त्याने तिला द्राक्षारस व मद्य टाळून खाण्यापिण्यात जपायला सांगितले. ही आज्ञा शमशोनाच्या नाजीरपणासाठी होती हे खरे. तरी मातेची तयारी गर्भ राहण्याआधीच सुरू झाली, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या घरांतून बहुधा उलट घडते. "दिवस राहू देत, मग दाखवू डॉक्टरांना," असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात, आणि सून संकोचाने गप्प बसते. परंतु बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत हा काळ बहुतेक सरलेला असतो. म्हणून निदान एक महिना आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे व पहिले तीन महिने चालू ठेवावे. पूर्वीच्या बाळास असे व्यंग असल्यास जास्त मात्रा लागते; ती डॉक्टरांनी ठरवावी. अशा मातांच्या पुढील बाळांत हा दोष सुमारे 72 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1991 साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

रक्तही तपासावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरांतील 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मधुमेह व थायरॉईडचा विकार आधीच आटोक्यात आणावा. रुबेलाची लस गर्भारपणी देत नाहीत. ती आधी घेऊन एक महिना थांबावे. मिशरी सोडावी.

मानोहाने हे काम पत्नीवर सोपवून दिले नाही. प्रार्थना करून त्याने स्वतः शिकून घेतले. पतीनेही तंबाखू व दारू सोडावी आणि दवाखान्यात पत्नीबरोबर जावे.

एवढे करूनही एखादे बाळ व्यंग घेऊन जन्मते. तेव्हा आम्ही मातेला बोल लावू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे म्हणून विचारले, तेव्हा प्रभूने आईबापांना दोषी ठरवले नाही (योहान 9:1-3).

चर्चेसाठी प्रश्न
1. देवदूताने सांगितलेले ऐकून मानोहाने काय केले?
2. विवाहापूर्वी पाळकसाहेब जोडप्याशी बोलतात, तेव्हा हा विषय कसा घेता येईल?
3. आपल्या महिला मंडळात तरुण सुनांना मोकळेपणी विचारता येते काय?

प्रार्थना : हे प्रभो, येणाऱ्या लेकरांसाठी आम्हांला वेळीच जागे कर. आमेन.