तारे, काचा आणि सरकारी अनुदान

संशोधनासाठी सरकारी अनुदान म्हटले की डोळ्यांपुढे यंत्रे आणि इमारती येतात. परंतु पुष्कळ शास्त्रांचे खरे भांडवल म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेल्या, तपासलेल्या आणि जपलेल्या नोंदी होत. अशा कामी पैसा किती मिळतो, यापेक्षा तो किती काळ मिळत राहतो हे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे. त्याचा दाखला सिकंदराबादच्या शेजारीच, बेगमपेठेत आहे.

नवाब जफर जंग यांनी १९०१ साली हैदराबादेत स्वखर्चाने वेधशाळा काढली. त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, निजाम सरकारने ती चालवण्यास घेतली. पुढे ती बेगमपेठेस आली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. त्या काळी जगातील अनेक वेधशाळांनी सबंध आकाश आपसांत वाटून घेतले होते. आपापल्या पट्ट्याची छायाचित्रे काढून ताऱ्यांची सूची करायची, ही योजना १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत ठरली होती. चिलीतील सांतियागोच्या वेधशाळेकडून तिच्या वाट्याचा पट्टा पुरा होईना. तो हैदराबादने उचलला. १९१४ ते १९२९ या काळात काचांवर छायाचित्रे घेतली गेली व एकेका ताऱ्याचे स्थान मोजले गेले. पुढे जर्मनीतील पोट्सडॅमच्या वाट्याचा काही भागही हैदराबादने पुरा केला. १९१८ पासून संचालक असलेल्या टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत यांतले बरेचसे काम झाले. सूचीचे १२ खंड प्रसिद्ध झाले.

हा खर्च कोणी सोसला? संस्थानच्या खजिन्याने, आणि त्या खजिन्यात मराठी, कानडी व तेलुगू मुलखांतील शेतकऱ्यांचा शेतसारा होता. तेव्हा, दुष्काळाचे चटके सोसणाऱ्या रयतेच्या पैशातून तारे कशाला मोजायचे, हा प्रश्न गैर नाही.

त्याचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. तारे स्थिर भासले तरी अत्यंत सावकाश सरकत असतात. ती गती काढायची तर एकाच ताऱ्याची दोन स्थाने हवीत, आणि दोहोंत जितके अंतर वर्षांचे, तितके उत्तर अचूक. १९८९ साली सोडलेल्या युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने नवी स्थाने अतिशय काटेकोर दिली. जुनी मात्र कोणताही उपग्रह देऊ शकत नव्हता. सर्व वेधशाळांचे छापील खंड संगणकावर घेतले गेले. त्यांच्या आधारे २००० साली टायको-२ ही २५ लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची तयार झाली. हैदराबादचे आकडे त्यात कामी आले, ते जपलेले आणि सर्वांना खुले होते म्हणूनच.

आज अनुदानाचे आकडे मोठे आहेत. २०१५ साली केंद्राने राष्ट्रीय महासंगणन अभियानास सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपये मंजूर केले. २०२२ साली फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. ही पावले योग्यच आहेत. पण अनुदानाला मुदत असते आणि नोंदींना वारस लागतात. काच कपाटात पन्नास वर्षे राहील. संगणकातील माहिती मात्र वरचेवर नव्या साधनांवर उतरवावी लागते. त्यासाठी वीज, थंडावा आणि जाणती माणसे कायमची हवीत.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या प्रकल्पाला अमुक कोटी मिळाले असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: मुदत संपल्यावर ही माहिती कोण सांभाळणार? ती परक्या अभ्यासकालाही मिळेल काय? आणि ती कशी मोजली, हे सोबत लिहून ठेवले आहे काय? या तिन्हींची उत्तरे असतील, तरच रयतेचा पैसा सत्कारणी लागला असे समजावे.