चिंतेचा ताळेबंद
(गर्भाशयातील रचनादोष, जोखमीची गर्भावस्था आणि मनाची काळजी)

आम्ही कार्यालयातील मंडळी वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. आमचे शिक्षण जमाखर्चाचे. तथापि नोंदणीच्या खिडकीमागे वर्षानुवर्षे बसल्याने समोरच्या चेहऱ्यावरील काळजी ओळखता येऊ लागते. सोनोग्राफीचा अहवाल हाती धरून बसलेली गर्भवती, शेजारी अबोल झालेला तिचा पती आणि ‘आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही’ असे पुटपुटणारी वडीलधारी स्त्री, हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. अहवालात ‘गर्भाशयाच्या रचनेत दोष’ एवढीच ओळ असते. परंतु डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरोघरी तिचे नाना अर्थ लावले जातात. असा अहवाल खुलाशाविना हाती देण्याची चूक पूर्वी आमच्याकडूनही घडली आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोष कोणाचाही नव्हे

मुलगी स्वतः आईच्या उदरात वाढत असताना दोन नलिका एकत्र येऊन तिचे गर्भाशय घडते. त्या नीट जुळल्या नाहीत तर गर्भाशय दोन शिंगांचे होते. मधला पडदा विरला नाही तर तो तसाच राहतो. एकच नलिका वाढली तर गर्भाशय एकशिंगी राहते. मूत्रपिंडांची घडणही याच सुमारास होत असल्याने डॉक्टर त्यांचीही तपासणी करावयास सांगतात. साधारणपणे शंभर स्त्रियांपैकी पाच जणींत असा काही ना काही वेगळेपणा आढळतो आणि कित्येकींना तो आयुष्यभर कळतही नाही. लोकलने नोकरीस गेल्याने, पाण्याची बादली उचलल्याने अथवा ग्रहण पाहिल्याने हा दोष निर्माण होत नाही. ही गोष्ट घरातील प्रत्येकाने समजून घेतली, तर गर्भवतीच्या मनावरील अर्धे ओझे उतरेल.

जोखीम मात्र खरी आहे. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळ पायाळू असणे, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज भासणे, या शक्यता दोषाच्या प्रकारानुसार कमी-अधिक असतात. तरीही अशा अनेक स्त्रियांची प्रसूती सुखरूप पार पडते.

मुंबईतील एक पूर्वपीठिका

वारंवार चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गमावणाऱ्या स्त्रीस पूर्वी ‘नशीब’ या शब्दापलीकडे उत्तर मिळत नसे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी यामागील एक कारण, गर्भाशयमुखाचा कमकुवतपणा, हेरले आणि त्यास आधार देणाऱ्या टाक्याची पद्धत १९५५ साली प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ म्हणून ती जगभर परिचित झाली. रचनादोष असलेल्या प्रत्येकीस टाका लागतो असे नाही. गर्भाशयमुखाची लांबी व पूर्वीचा अनुभव पाहून डॉक्टर तो निर्णय घेतात. आम्हांस यातून एवढाच बोध होतो, की भयाचे कारण सापडले म्हणजे उपायाची वाट दिसू लागते.

काळजी कशी हाताळावी

प्रथम, मनातील शंका एका वहीत लिहून काढाव्यात आणि पुढील भेटीत डॉक्टरांस क्रमाने विचाराव्यात. कोणत्या प्रकारचा दोष, पुढील तपासणी केव्हा, कोणती लक्षणे दिसल्यास त्वरित यावे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहूनच घ्यावीत. रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वेळ न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरे, संपूर्ण नऊ महिन्यांचा विचार एकदम न करता पुढच्या तपासणीपर्यंतचाच करावा. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज अंथरुणास खिळून राहू नये. त्याने प्रसूती लांबते असे सिद्ध झालेले नाही, उलट रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. सावकाश चालणे, दीर्घ श्वसन व वेळेवर झोप यांनी मन स्थिरावते.

तिसरे, झोप उडणे, छातीत सतत धडधड, जेवणावरची वासना जाणे, वारंवार रडू येणे असे दोन आठवडे चालले, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे, उपचारयोग्य आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे १० टक्के गर्भवतींना मानसिक आजार जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे. केंद्र शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

कुटुंबीय आणि देणगीदार

‘काही होत नाही’ असे म्हणून विषय टाळणे आणि चाळीतील प्रत्येक अशुभ हकीकत तिच्या कानी घालणे, दोन्ही सारखेच त्रासदायक. तपासणीस सोबत जावे, तिचे बोलणे ऐकून घ्यावे. डोहाळजेवण करावे की नाही, हेही तिलाच ठरवू द्यावे.

एक चिंता मात्र आमच्याच खिडकीवर येऊन थांबते. बाळ लवकर जन्मले तर नवजात अतिदक्षता विभागाचा खर्च कसा झेपेल? हा प्रश्न प्रसूतीच्या रात्री नव्हे, पाचव्या-सहाव्या महिन्यातच विचारावा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दराने राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका आधीच समाजसेवा विभागाकडे द्यावी. मागण्यात संकोच मानू नये.

आमच्या देणगीदारांनी दिलेला रुपया यंत्रसामग्रीस लागतो, तसाच तो एखाद्या मातेच्या शांत झोपेसही लागतो. ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात ही जमा दाखविता येत नाही. म्हणून ती येथे कृतज्ञतापूर्वक नोंदवीत आहोत.