लकव्याचा रोगी घरी आणताना : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शुश्रूषेचा हिशेब

गडचिरोली जिल्ह्यातल्या 86 गावांत ‘सर्च’ या संस्थेने मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सर्वांत वर निघाला लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदलेल्या 1,599 मृत्यूंपैकी 229 लकव्याचे होते, आणि त्या 229 पैकी सुमारे 87 टक्के माणसे घरीच गेली. जवळजवळ निम्मी तर झटका आल्यापासून महिन्याच्या आत.

घरी गेली, याचा अर्थ शेवटची शुश्रूषा बायको, सून, मुलगी, मुलगा यांनीच केली. मोठ्या दवाखान्याचे बिल कितीही असो, ते एकदा येते. खाटेवरच्या माणसाचे करणे महिनोन्महिने चालते. तरी पैशाची सगळी तजवीज दवाखान्यासाठी होते. बैल विकले जातात, बांधी गहाण पडते आणि रोगी घरी येतो तेव्हा बरी गादी घ्यायलाही हातात काही उरत नाही. म्हणून इथे खर्च घराच्या बाजूने मांडला आहे. बाजारातले दर दुकानागणिक बदलतात. खालचे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. सरकारी योजनांच्या रकमाही अर्ज करताना तहसीलमध्ये एकदा विचारून घ्याव्यात.

पहिला दिवस

तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात पडला, बोलणे अडखळले, की 108 ला फोन करावा. गाडीचे पैसे लागत नाहीत. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. खासगीत हे इंजेक्शन 30 ते 60 हजारांच्या घरात जाते. भामरागड किंवा सिरोंच्यातून निघालेल्या माणसाला गडचिरोली गाठायलाच इतका वेळ लागतो. वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर असेल तर भामरागडातून निघणेच होत नाही. वेळ टळली तरी तपासणीला न्यावेच लागते. मात्र तीन दिवसांनी ‘ते इंजेक्शन द्या’ म्हणून पैसे घेऊन नागपूरला धावण्यात काही हाती लागत नाही.

झटका कधी आला ती वेळ लिहून ठेवा. सकाळी उठल्यावर कळले असेल, तर रात्री शेवटचे चांगले कधी पाहिले तीच वेळ धरतात. रोगी नीट गिळू शकतो हे डॉक्टरांनी पाहीपर्यंत त्याच्या तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. पाणी श्वासनलिकेत गेले की न्यूमोनिया होतो आणि दवाखान्यातला मुक्काम आठवड्याने वाढतो. कबुतराचे रक्त चोळणे, नाकात पाला पिळणे, गावातच ताकदीचे सलाईन लावणे यांत हजार-दोन हजार जातात, आणि सकाळही जाते.

दवाखान्याचे बिल

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा सामान्य रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नव्हता. चंद्रपूरचे महाविद्यालय 2015 चे, गडचिरोलीचे अगदी नवे. तिथे शुल्क कोणते आणि सवलत कोणती, हे केसपेपर काढतानाच विचारावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. मेंदूविकाराचे बरेच उपचार त्यात बसतात, पण योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, घरची नर्स, डायपर, फिजिओथेरपिस्टचे घरी येणे यांपैकी काहीच त्यात येत नाही. दारातच आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. भरती होऊन पैसे भरल्यावर योजना लावून घेणे फार अवघड जाते. अडचण आली तर 155388 हा क्रमांक आहे.

नागपूरच्या खासगी अतिदक्षता विभागात दिवसाला 8 ते 15 हजार धरून चला, औषधे वेगळी. रुग्णालय धर्मादाय असेल तर वर्षाला 1 लाख 80 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 3 लाख 60 हजारांपर्यंतच्या कुटुंबासाठी 10 टक्के खाटा निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असणे म्हणूनच महत्त्वाचे. सिरोंच्याकडची माणसे गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात, ते अंतराच्या दृष्टीने बरोबरही आहे. पण आपले कार्ड तिथे चालते का, हे पलीकडच्या रुग्णालयात फोन करून निघण्याआधी विचारावे.

सुट्टीच्या आधीचे दोन दिवस

या सगळ्यात पैसा न लागणारी आणि सर्वांत जास्त पैसा वाचवणारी गोष्ट एकच आहे : वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घेणे. सुट्टीच्या दिवशी घाई असते, कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणून दोन दिवस आधीच सांगा, ‘सिस्टर, आम्हाला घरी सगळे करायचे आहे. एकदा तुम्ही दाखवा, मग आम्ही तुमच्यासमोर करतो.’ घरातून दोघांनी शिकावे. एकीवर सगळा भार पडला, तर महिन्याभरात घरात दुसरा रोगी तयार होतो.

शिकायचे काय? कूस बदलणे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, डावी, उजवी, पाठ. माकडहाड, टाच, खुबा, कोपर इथली कातडी रोज उजेडात पाहायची. दाबून सोडल्यावरही लाल राहिलेला डाग ही जखमेची पहिली खूण असते. त्या वेळी फक्त तिथला दाब काढावा लागतो, खर्च शून्य. तीच जखम हाडापर्यंत गेली की ड्रेसिंगचे रोजचे 100 ते 300 रुपये, अँटिबायोटिक, कधी शस्त्रक्रिया. पहिल्या वर्षातला टाळता येण्यासारखा सर्वांत मोठा खर्च हाच. डागावर मालिश करू नका, त्याने आतली कातडी आणखी फाटते.

नाकातली नळी असेल तर भरवताना डोके आणि छाती उशांनी उंच ठेवायची आणि नंतर अर्धा तास तशीच राहू द्यायची. भरवण्याआधी नळी जागेवर आहे का, हे कसे पाहायचे ते सिस्टरकडून हात धरून शिका. शंका आली तर भरवू नका. डब्यातल्या महागड्या पावडरीची सक्ती नसते. भाताची पेज, घट्ट वरण, दूध, नाचणीची आंबील, थोडे तेल असे सगळे बारीक करून, गाळून दिलेले बहुतेकांना पुरते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र काय द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची आणि जमिनीला टेकू द्यायची नाही. नळी खरेच हवी आहे का, हेही विचारावे. पुष्कळदा सोय म्हणून ती राहून जाते आणि जंतुसंसर्गाचे कारण होते. पडलेला हात धरून रोग्याला ओढून उठवू नका, खांदा निखळतो.

घरचा महिना

एकदाच्या वस्तूंत हवेची गादी 1,500 ते 3,000 रुपयांना मिळते. ती विजेवर चालते. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत वीज गेली की ती सपाट होते, म्हणून गादी असली तरी कूस बदलणे सुटत नाही. खाट बदलण्याची गरज नाही; आपल्याच खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर पक्के चढवून उंची मिळते. व्हीलचेअर 5 ते 8 हजारांना असते, पण ती विकत घेण्याआधी थांबा. सरकारच्या ‘एडिप’ योजनेत महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या दिव्यांगाला असे साधन मोफत मिळते.

दर महिन्याच्या खर्चात सर्वांत जड जातात डायपर. एक 30 ते 45 रुपयांचा, दिवसाला तीन, म्हणजे महिन्याला तीन ते चार हजार. रात्रीपुरता एक वापरून दिवसा जुन्या सुती लुगड्याचे तुकडे आणि खाली रेक्झिन ठेवले तर खर्च हजारावर येतो आणि कातडीही कोरडी राहते. मात्र धुणे वाढते. ते काम कुणाच्या अंगावर येणार, हे आधी ठरवा. नाकाची नळी, लघवीची नळी, पिशवी यांचे मिळून महिन्याला 300 ते 600 रुपये. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकारी किंवा केंद्रातल्या नर्सबाई नळी बदलून देतात का, हे आशाताईंमार्फत विचारा. केवळ नळी बदलायला तालुक्याला गाडी केली, तर भाडेच दोन-तीन हजार होते.

रक्तदाबाच्या आणि फिटच्या साध्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून त्या बंद केल्या की दुसरा झटका येतो. गोळीला पैसे नाहीत असे सांगणाऱ्या घरात दिवसाला तीन-चार खर्ऱ्याच्या पुड्या येत असतील, तर तो विषय घरातल्यांनी काढलाच पाहिजे. तंबाखू या आजाराला थेट खतपाणी घालतो आणि खर्ऱ्याच्या महिन्याभराच्या पैशांत गादी येते.

‘मेंदूची ताकद वाढवणारी’ इंजेक्शने आणि गोळ्या ही आणखी एक गळती. महिन्याला दोन-तीन हजार त्यांत सहज जातात. ती बंद केली तर काय बिघडेल, असे डॉक्टरांना सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आले, तर तो पैसा व्यायामाकडे वळवा. फिजिओथेरपिस्ट घरी यायला शहरात दर खेपेला 300 ते 500 घेतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, तेव्हा खर्च करायचा तो याच काळात. गावात रोज कुणी येणार नाही. आठवड्याला एकदा दाखवून घेऊन बाकीचे दिवस घरच्यांनी व्यायाम करून घेतला तरी चालते.

बाई ठेवायची तर

चंद्रपूर, बल्लारपूरसारख्या शहरात बारा तासांच्या आयाबाईला दिवसाचे 400 ते 600 रुपये पडतात, म्हणजे महिन्याला 12 ते 18 हजार. शिकलेल्या नर्सचे याच्या दुप्पट. दोघींच्या कामात फरक आहे. अंघोळ, भरवणे, कूस, कपडे ही आयाबाईची कामे. नळी घालणे, इंजेक्शन, घशातला कफ मशीनने ओढणे ही नर्सची, आणि तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी हवी. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या बाईला नुसतेच ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात, तेव्हा नोंदणीचा कागद मागा. ब्युरोचे कमिशन किती, तिने सुट्टी घेतली तर बदली कोण, अनामत परत मिळते का, हे कागदावर घ्या. तिच्या हातात किती पडतात तेही विचारा. तिला पुरेसे मिळाले तरच ती टिकते.

धानोरा, कोरची, एटापल्लीच्या गावांत अशी बाई मिळतच नाही. तिथे घरातलेच एक माणूस काम सोडते आणि ही मजुरी कुठल्याच बिलात दिसत नाही. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये धरला, तर महिन्याच्या 26 दिवसांचे 8,112 होतात. मोहफुलाचे दिवस, मे महिन्यातला तेंदूचा हंगाम, पावसाळ्यातली रोवणी गेली तर वर्षाची रोख कमाईच जाते. त्या हंगामापुरते नात्यातल्या किंवा शेजारच्या बाईला रोज देऊन बसवावे. हे परवडत नाही असे वाटते, पण मजुरी बुडवण्यापेक्षा स्वस्त पडते. ज्या ग्रामसभांकडे वनहक्काच्या बांबू-तेंदूचे पैसे येतात, तिथे आजारी घराला उसने किंवा मदत देण्याचा विषय बैठकीत मांडायला संकोच करू नये.

मिळणारे पैसे

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड ही सगळ्याची चावी आहे. लकव्यानंतर साधारण सहा महिन्यांनी, स्थिती स्थिरावल्यावर, जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत; अंधत्व, ऐकू न येणे, सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, सिकलसेल, कुष्ठमुक्त व्यक्ती हे सगळे त्यात येतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आणि कमी उत्पन्न असेल तर संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला 2,500 रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. जंगलातल्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न तोकडे असते हे खरे, पण वॉकर किंवा कमोडची खुर्ची त्यात बसते. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या घराने ‘निरामय’ विमा काढावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 250 रुपयांत, इतरांना 500 रुपयांत वर्षाला 1 लाखापर्यंत कवच मिळते आणि इतर विम्यांत न बसणारी थेरपी व बाह्यरुग्ण तपासणी यात बसते. इतका उपयोगी विमा इतक्या कमी घरांनी काढलेला पाहून वाईट वाटते.

संवेदना गेलेले हातपाय

लकव्यासारखीच रोजची घरची निगा कुष्ठरोगातही लागते. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवन उभे केले ते कुष्ठरुग्णांसाठी, आणि या दोन जिल्ह्यांतून कुष्ठरोग अजून गेलेला नाही. हा मुळात नसांचा आजार. तळपायाला काटा टोचला तरी कळत नाही, चुलीवरच्या भांड्याने बोट भाजते आणि जखम दुसऱ्या दिवशी दिसते. औषध पूर्ण मोफत आहे, सहा किंवा बारा महिन्यांचे. हात अचानक कमजोर झाला, नस दुखू लागली, तर त्याच आठवड्यात केंद्रात जावे. नसेची सूज नवी असताना गोळ्या सुरू झाल्या तर संवेदना परत येऊ शकते. वाकडी बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया मोफत होते आणि बुडालेल्या मजुरीपोटी 12,000 रुपये मिळतात, टप्प्याटप्प्याने.

घरची निगा जवळजवळ फुकट आहे. रोज वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवायचे, जाड झालेली कातडी हलके घासायची, ओल्या पायालाच खोबरेल किंवा मोहाचे तेल लावायचे आणि तळवा आरशात पाहायचा. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगायचे. लकव्याने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही हेच लागू. फक्त मधुमेहात पाय भिजवत ठेवू नयेत, धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. आतून मऊ रबर असलेली एमसीआर चप्पल कुष्ठरुग्णांना सरकारी केंद्रातून मोफत मिळते. घेताना तिथेच घालून पाहा. मागे पट्टा हवा, तळाला खिळा नको आणि अंगठ्याने दाबल्यावर आतले रबर दबून परत वर यायला हवे. दबलेलेच राहिले तर चप्पल संपली, दुसरी मागून घ्या.