पाण्याचा ताळेबंद आणि ग्रामसभा

पाऊस आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. कधी महिनाभर खंड पडतो, तर कधी एकाच दिवसात अतिवृष्टी होते. अशा काळात गावाने पाण्याचा जमाखर्च ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी जमा होते. माणसे, जनावरे व पिके यांना लागते तो खर्च.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा हिशोब ग्रामसभेत मांडून पिके ठरविली आणि शेतीसाठी कूपनलिका नाकारल्या. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हाच ताळेबंद संगणकाच्या साहाय्याने, मुंबई आयआयटीच्या मदतीने, गावोगाव तयार करण्यात आला.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, यंत्र आकडा देते, निर्णय देत नाही. मोबाईल नसलेल्या भूमिहीन मजुराला आणि हंडा वाहणाऱ्या बाईला तो आकडा कळला नाही, तर पाणी मोठ्या पंपवाल्याकडेच जाईल. म्हणून शिकलेल्या मुलांनी पावसाची व विहिरीच्या पातळीची नोंद ठेवावी, ती चावडीच्या फळ्यावर लिहावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. पासबुक वाचता येणाऱ्या खातेदारालाच आपली शिल्लक सांभाळता येते. पाण्याचेही तसेच आहे.